कपाशीच्या बोंडातील भाऊबंद: देवळी परिसरातील कीटक-ओळखीचा इतिहास

जवळच्या नात्यातील दोन कीटकजाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे हे कीटकशास्त्रातील अत्यंत चिकाटीचे काम आहे. रंग, आकार, खाण्याची रीत, अंगावरचे ठिपके या सगळ्यांत त्या इतक्या सारख्या असतात की नुसत्या नजरेवर विसंबले तर मुरलेल्या अभ्यासकाचीही फसगत होते. कापूसपट्ट्यात हे काम संग्रहालयाच्या कपाटापुरते राहत नाही. कोणती अळी कोणत्या पिकावर जगते, कुठे दडून उन्हाळा काढते, कोणत्या औषधाला दाद देते, हे सारे तिच्या जातीवर ठरते. जात चुकली की उपाय चुकतो आणि हंगाम हातचा जातो. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या गावाचे दीडशे वर्षांचे अर्थकारण ज्या पिकावर उभे राहिले, त्याच्या रक्षणामागे या ओळखीचा मोठा इतिहास आहे.

देवळी आणि कापूस

देवळी हे वर्ध्यापासून सुमारे 18 किलोमीटरवर, यवतमाळच्या वाटेवर वसलेले तालुक्याचे गाव. भोवती काळी कसदार जमीन आणि पश्चिमेला वर्धा नदीचे खोरे. वर्धा जिल्हा 1862 साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला आणि विदर्भातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच वर्षी देवळीत नगरपालिका स्थापन झाली. हिंगणघाटचा कापूस तर लांब धाग्यासाठी व्यापारात नावाजलेला होता. देवळीचीही कापसाची मोठी पेठ म्हणून भरभराट झाली. आजच्या देवळी तालुक्यातील पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड गिरणी सुरू झाली.

मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी 1860च्या दशकात हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या खात्याचे लक्ष चांगले बियाणे, भेसळीला आळा आणि मालाची वाहतूक यांवर होते. किडीचा शास्त्रीय अभ्यास त्या वेळी या भागात सुरू झालेला नव्हता. आज ज्या किडीने देवळीचा शेतकरी सर्वाधिक हैराण आहे, तिला शास्त्रीय नाव मात्र त्याआधीच मिळाले होते.

पहिले नाव: 1843

गुजरातेत भरूच येथे सरकारी कापूस लागवडीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने बोंडे पोखरणाऱ्या एका लहानशा पतंगाचे नमुने इंग्लंडला पाठवले. विल्यम विल्सन साँडर्स यांनी 1843 साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले आणि जातीला गॉसिपिएला हे नाव दिले. तीच गुलाबी बोंडअळी. पुढे 1917 साली ऑगस्ट बस्क यांनी तिच्यासाठी पेक्टिनोफोरा हा स्वतंत्र गट मांडला.

मधल्या काळात या अळीने जग पालथे घातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिंदुस्थानी कापसाबरोबर इजिप्तमध्ये गेली. इजिप्तच्या सरकीतून ती 1911च्या सुमारास मेक्सिकोत पोचली आणि 1917 साली टेक्सासमध्ये सापडली. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत पूर्ण वाढलेली अळी महिनोन्महिने निपचित पडून राहते. अशी जोड-सरकी जहाजात चढली की अळीचा प्रवास आपोआप होई. सरकीची तपासणी, तिला उष्णता देणे, परदेशी बियाण्यावर बंदी हे उपाय याच अनुभवातून निघाले.

शेतात ही अळी ओळखण्याची खूण गुलाबी रंग. पण अडचण अशी की कोवळेपणी ती गुलाबी नसते. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी व तपकिरी डोक्याची असते. त्या वयात इतर बोंडअळ्याही अशाच दिसतात. ती बोंडात शिरते आणि शिरण्याचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून धडधाकट दिसते आणि वेचणीच्या वेळी आत कवडी झालेला कापूस निघतो. फुलांवर हल्ला झाला तर पाकळ्या एकमेकींत गुंतून फूल उमलत नाही; त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. डोमकळी हे गुलाबी बोंडअळीचे खात्रीचे लक्षण मानले जाते.

हिरवा पतंग आणि हिरवा पट्टा

बोंडाबरोबर शेंडाही पोखरणारी ठिपक्यांची बोंडअळी ही प्रत्यक्षात दोन जाती आहेत. पहिली एरियास इन्सुलाना. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ बॉइसदुव्हाल यांनी 1833 साली मादागास्कर, मॉरिशस आणि रियुनियन या आफ्रिकेलगतच्या बेटांवरील कीटकांच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. दुसरी एरियास व्हिटेला. फॅब्रिशियस यांनी 1794 साली तिला नाव दिले, तरी जुन्या पुस्तकांत ती फॅबिया या नावाने आढळते. पहिली आफ्रिका, भूमध्य समुद्राचा प्रदेश आणि भारत अशी पसरलेली, कोरड्या हवेत रमणारी. दुसरी भारतापासून आग्नेय आशियापर्यंत, जरा दमट हवेत जोर धरणारी. विदर्भात दोन्ही सापडतात. आफ्रिकेत मात्र इन्सुलानाची जोडीदार वेगळी, बायप्लागा नावाची. तिच्या मादीच्या पंखावर गडद डाग असतो.

पतंगावरून हा भेद सोपा आहे. व्हिटेलाच्या पांढुरक्या पुढच्या पंखावर मुळापासून कडेपर्यंत पाचरीसारखा हिरवा पट्टा जातो. इन्सुलानाचा पंख बहुतेक सबंध हिरवा असतो, पण तो हंगामानुसार पिवळट होतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. अळ्यांत भेद आणखी नाजूक आहे. दोघींच्या अंगावर बोटांसारखे मऊ उंचवटे असतात. इन्सुलानाचे उंचवटे अधिक ठळक, म्हणून इंग्रजीत तिला काटेरी बोंडअळी म्हणतात. दोघी कपाशीबरोबर भेंडीवरही जगतात. त्यामुळे कापसाशेजारी भेंडी असली की एकीकडची कीड दुसरीकडे चालत राहते.

हे भेद हिंदुस्थानात वापरता येतील अशा रीतीने मांडण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाले. जॉर्ज हॅम्प्सन यांनी 1892 ते 1896 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील पतंगांवर चार खंड लिहिले. 1903 साली हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांचे 1906 सालचे किडींवरील पुस्तक आणि 1909 सालचा भारतीय कीटकजीवनावरील ग्रंथ प्रांतोप्रांतीच्या शेतकी खात्यांसाठी पहिले हाताशी धरण्याजोगे साधन ठरले. 1921 साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाल्यावर कापसाच्या संशोधनाला कायमचा आधार मिळाला.

पोटात दडलेली खूण

पंखांच्या रंगावर उभी असलेली ओळख विसाव्या शतकात अपुरी पडू लागली. रंग हवामानाप्रमाणे, खाद्याप्रमाणे, वयाप्रमाणे बदलतो. नराच्या जननेंद्रियांची घडण मात्र जातीगणिक ठरलेली असते. म्हणून शास्त्रज्ञ पतंगाच्या पोटात पाहू लागले.

पद्धत आजही जवळपास तीच आहे. वाळलेला पतंग दमट डबीत ठेवून मऊ करतात. त्याचे पोट अलगद तोडून दाहक पोटॅशच्या सुमारे 10 टक्के द्रावणात ऊन करतात. स्नायू आणि चरबी विरघळून जातात, कठीण कवच तेवढे उरते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने खवले झाडतात, सुईच्या टोकाने आतले अवयव बाहेर ओढतात आणि ग्लिसरिनच्या थेंबात पसरतात. मग दोन्ही बाजूंच्या झडपांचे वळण, त्यांच्या कडेचे काटे, मधल्या नळीतल्या पिशवीचा आकार यांची तुलना मूळ नमुन्याशी केली जाते. काम संपले की हे अवयव इवल्याशा कुपीत घालून त्याच पतंगाच्या टाचणीला अडकवतात. नमुना आणि पुरावा एकत्र राहतात आणि शंभर वर्षांनी येणारा अभ्यासक तोच निष्कर्ष पुन्हा तपासू शकतो.

या पद्धतीने तीन मोठे घोटाळे सुटले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या कपाशीवरील बोंडअळी भारतातल्या गुलाबी अळीसारखीच होती, पण ती तिथलीच वेगळी जात आहे हे होल्डवे यांनी 1926 साली दाखवून तिला स्क्यूटिजेरा हे नाव दिले. दुसरा घोटाळा तंबाखू आणि कपाशीची पाने खाणाऱ्या अळीचा. भारतातली आणि आफ्रिकेतली अळी बराच काळ एकच समजली जाई. 1963 साली व्हिएट यांनी त्या दोन जाती असल्याचे सिद्ध केले: आशियातली स्पोडोप्टेरा लिट्युरा आणि आफ्रिका व भूमध्य प्रदेशातली स्पोडोप्टेरा लिट्टोरॅलिस. तिसरा घोटाळा हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा. हार्डविक यांनी 1965 साली जगभरचे नमुने तपासून हेलिकोव्हर्पा हा गट बांधला. नराच्या आतल्या पिशवीच्या बुडाशी अमेरिकेतल्या झिया जातीत तीन फुगवटे असतात, आपल्याकडच्या आर्मिजेरात एकच. यावरून स्पष्ट झाले की अमेरिकन म्हणून ओळखली जाणारी विदर्भातली बोंडअळी अमेरिकेतल्या कणसे पोखरणाऱ्या झियाहून वेगळी, जुन्या जगातलीच जात आहे.

याच अळीच्या बाबतीत उलट बाजूची चूकही होते. देवळीच्या शिवारात ती खरिपात कपाशीवर बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि रब्बीत हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून वावरते. पीक बदलते, अळी तीच राहते. एका पिकावर तिला मोकळे सोडले तर पुढच्या पिकावर तीच संख्येने वाढून येते.

आफ्रिकेचे रोव्ह भुंगेरे आणि त्यांचे भारतीय नातलग

शेतात शत्रू कीटकांइतकीच मित्र कीटकांची ओळख मोलाची असते आणि त्यातले सर्वांत कठीण कूळ रोव्ह भुंगेऱ्यांचे आहे. स्टॅफिलिनिडी या कुळात 60,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पुढचे कठीण पंख आखूड, पोट उघडे आणि लवचिक, चाल चपळ, अशी ही लांबट किडकिडीत मंडळी. त्यांतल्या पीडेरस गटातले भुंगेरे सात ते दहा मिलिमीटरचे असतात. डोके काळे, छाती तांबूस-केशरी, आखूड पंख निळे-हिरवे चमकदार, पोट तांबूस आणि त्याचे टोक काळे. केनियातील सेबियस आणि एक्झिमियस, इजिप्तमधील अल्फिएराय, युरोपपासून भारतापर्यंत पसरलेली फ्युसिपीस, भारतातील मेलॅम्पस या साऱ्या जातींचा पोशाख ढोबळमानाने असाच. पायांचा रंग, छातीच्या ढालीची गोलाई, आतल्या पंखांची लांबी यांनी काही जाती वेगळ्या पडतात. खात्री मात्र नराच्या पोटातून काढलेल्या नळीसारख्या अवयवानेच होते.

या कुळाचा पसारा आवरण्यासाठी आयुष्ये खर्ची पडली. ऑस्ट्रियातील मॅक्स बर्नहॉअर पेशाने नोटरी होते. त्यांनी आफ्रिकेसह जगभरातल्या हजारो जातींची वर्णने केली आणि त्यांचा संग्रह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम केले आणि 1930 ते 1939 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील रोव्ह भुंगेऱ्यांचे खंड प्रसिद्ध केले. भारतात या कुळाचा अभ्यास करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

पीडेरसचे दोन गुण शेजारी शेजारी आहेत. इजिप्तच्या कापसात अल्फिएराय हा भुंगेरा लिट्टोरॅलिसची अंडी आणि मावा फस्त करतो, म्हणून तिथे तो शेतकऱ्याचा मोठा मित्र मानला जातो. आपल्याकडची फ्युसिपीसही मावा-तुडतुड्यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर जगते. पण हा भुंगेरा त्वचेवर चिरडला गेला तर त्याच्या रक्तातील पेडेरिन या द्रव्याने भाजल्यासारखे फोड येतात. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. पेडेरिन वेगळे काढण्यासाठी इटलीतील पावान आणि बो यांनी 1950च्या दशकाच्या आरंभी कोट्यवधी भुंगेरे गोळा केले होते. ते द्रव्य भुंगेऱ्याच्या शरीरात राहणारे जीवाणू बनवतात, हे या शतकाच्या सुरुवातीला उघड झाले. जुलै 2022 मध्ये सिक्कीममध्ये सुमारे शंभर विद्यार्थ्यांना असे फोड आले तेव्हा बातम्यांनी त्याला नैरोबी माशी म्हटले आणि आफ्रिकेतून संकट आल्याची भीती पसरली. वास्तविक हा कीटक माशी नव्हे, भुंगेरा आहे, आणि या गटाच्या कित्येक जाती भारतात पूर्वापार नांदत आहेत. दिव्याखाली अंगावर बसला तर त्याला चिरडू नये, फुंकर घालून उडवावे आणि ती जागा साबणाने धुवावी, एवढी काळजी पुरेशी असते.

पिठ्या ढेकणाचा धडा

1976 साली नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली आणि विदर्भाच्या कापसाला हाकेच्या अंतरावर तज्ज्ञ मिळाले. त्याचे मोल 2005 नंतर दिसले. कपाशीवर पांढऱ्या पिठासारखा थर देणारा पिठ्या ढेकूण भारत-पाकिस्तानात अचानक माजला. पाकिस्तानात त्याला नवी जात समजून नवे नावही देण्यात आले. तपासणीअंती तो फेनाकोकस सोलेनॉप्सिस निघाला, म्हणजे 1898 साली अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतून वर्णन झालेलीच जात. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी नऊ कापूस उत्पादक राज्यांतील 47 ठिकाणांचे नमुने तपासले आणि मुख्य उपद्रव याच जातीचा असल्याचे 2009 साली मांडले.

नाव नक्की झाल्यावर नैसर्गिक शत्रूचा शोध सोपा झाला. एनासियस गटातील एक चिमुकली गांधीलमाशी या ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला पोखरते, हे शेतातच दिसून आले. तिलाही 2009 साली नवे नाव मिळाले आणि पुढे तीही अमेरिकेतून पूर्वी वर्णन झालेली जात ठरली. कीड आणि तिचा शत्रू दोघेही परदेशातले होते आणि दोघांचीही ओळख पटायला काही वर्षे गेली. त्या काळात जिथे घाईने जहाल औषधे फवारली गेली, तिथे ही उपकारक गांधीलमाशीही मेली.

बीटी कापूस आणि गुलाबी अळीचे पुनरागमन

मार्च 2002 मध्ये अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. बीटीच्या विषाने ठिपक्यांची बोंडअळी जवळजवळ दिसेनाशी झाली आणि हिरवीही आटोक्यात आली. सर्व बोंडअळ्यांना एकाच मापाने मोजण्याची सवय तेव्हा लागली. पण जाती वेगळ्या होत्या. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. बीटी नसलेल्या पिकांवर तिची बिनप्रतिकाराची पिढी वाढत राहते आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. शिवारभर बीटी असल्यावर तिला दुसरा आसराच उरला नाही. ज्या अळ्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच वीण वाढली. पहिल्या जनुकाला तिचा प्रतिकार गुजरातेत 2010 साली जाहीर झाला, काही वर्षांत दुसरेही जनुक निष्प्रभ झाले आणि 2017च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादक या अळीने होरपळून निघाले.

यात शेतीच्या सवयींचाही वाटा होता. पाणी आहे म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर वाढीव पीक, घेणे, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवणे, उपटलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी घराशेजारी रचणे, जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पडू देणे, या सर्व ठिकाणी निपचित अळीला आश्रय मिळतो. हिरवी अळी जमिनीत कोषात जाते, म्हणून तिच्यासाठी नांगरणी कामाची. गुलाबी अळी सरकीत आणि वाळल्या बोंडात राहते, म्हणून तिच्यासाठी हंगाम वेळेवर संपवणे, पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे आणि जिनिंगमध्ये सापळे लावणे हाच खरा उपाय.

कामगंध सापळ्यांतही जात महत्त्वाची ठरते. गुलाबी अळीच्या मादीचा गंध 1973 साली ओळखला गेला. त्यावर बनवलेल्या गॉसिप्ल्युरच्या गोळीकडे त्याच जातीचे नर येतात, हिरव्या अळीचे नर येत नाहीत. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपायाची वेळ आली असे मानतात. ही गोळी म्हणजे एका अर्थी शेतकऱ्याच्या हाती आलेली जात ओळखण्याची कसोटीच आहे.

2003 साली पॉल हेबर्ट यांनी जनुकाच्या सुमारे 650 अक्षरांच्या तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे अंडे, कोवळी अळी किंवा तुटका पाय यांवरूनही ओळख पटू लागली. कोवळेपणी सारख्या दिसणाऱ्या बोंडअळ्यांसाठी ती वरदान आहे. पण तो तुकडा कोणाचा हे ठरवायला आधी कोणीतरी नमुना नीट तपासून, टाचणी लावून, नावासह जपून ठेवलेला असावा लागतो. साँडर्स, हॅम्प्सन आणि कॅमेरॉन यांनी केलेल्या कामाची गरज नव्या यंत्रांनी वाढवलीच आहे.

देवळीच्या कापसाला गेल्या दीडशे वर्षांत जे उपाय लागू पडले, त्यांतील बहुतेक आधी कीड नेमकी ओळखून केलेले होते. जे फसले त्यांतील अनेक ओळखीविना केलेले होते. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक कृषी कार्यालयात आणि महाविद्यालयात स्थानिक किडींचा व मित्र कीटकांचा नीट नावनिशीवार संग्रह असायला हवा, आणि तो जपणारी, सूक्ष्मदर्शकावर बसायला तयार असलेली तरुण माणसे घडवायला हवीत. शेतकऱ्याने फवारणीचा पंप उचलण्याआधी पाच-दहा बोंडे फोडून आत कोण आहे ते पाहावे आणि शंका आली तर अळी डबीत घालून तज्ज्ञाकडे न्यावी.